माणिकची सही आणि दत्तूचा ठराव

मुलुंड पूर्व,
५ फेब्रुवारी

चि. दत्तारामास नलूताईचे आशीर्वाद.

तुला फोन करून करून माझा अंगठा दुखायला लागला. दर वेळी तुझा पी.ए. सुयोग उचलतो आणि म्हणतो, साहेब मीटिंगमध्ये आहेत. मागून तुझाच आवाज येत असतो, ‘चहात एवढी साखर कोणी घातली रे?’ म्हणून आता पत्र लिहिते. निवडणुकीत तूच छापलं होतंस ना, की हाताने लिहिलेल्या प्रत्येक पत्राला आमदार स्वहस्ते उत्तर देतील? मग दे. मी तुझी मामेबहीण असले तरी मतदारही आहे, आणि मत तुलाच दिलं होतं. दुसरे उमेदवार बघून दिलं, पण दिलं.

बाईला गर्भपात करायचा असेल तर नवऱ्याची लेखी संमती सक्तीची करा, असा ठराव तू विधानसभेत मांडणार आहेस म्हणे. तेवढ्यावर भागलं नाही म्हणून आपल्या भागातल्या सगळ्या दवाखान्यांना निवेदन वाटलंस, की आत्तापासूनच सही मागा. आमच्या डॉ. तेजलने ते भिंतीवर चिकटवलंय. बिचारी म्हणाली, ‘काकू, कायद्याला फक्त बाईची सही लागते हो. पण आमदारांची माणसं येऊन दम देऊन गेली. मी दवाखाना चालवू की भांडत बसू?’

आमच्या इमारतीत एक मुलगी आहे. नाव सांगणार नाही. तिला दिवस गेलेत आणि मूल नकोय. बीकेसीत नोकरीला आहे, बढती तोंडावर आलीय, हे कारण पुरे आहे. नवऱ्याला सोडून माहेरी राहतेय. त्याची सही कुठून आणायची? ठाण्याला जाऊन ये म्हटलं तर म्हणते, मी चोरी केलेली नाही, लपतछपत का जाऊ? मलाही ते पटलं. पण आठवडे सरतायत रे. उशीर झाला की सगळंच कठीण होऊन बसतं.

तेव्हा ठराव मागे घे, आणि त्याआधी ते निवेदन.

तुझी नलूताई


जनसंपर्क कार्यालय,
१० फेब्रुवारी

आदरणीय नलिनीताई,
सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. आपल्या भावनांचा मी मनःपूर्वक आदर करतो. परंतु सार्वजनिक जीवनात काम करताना व्यापक समाजहिताचा विचार करावा लागतो. माझ्या निवेदनात मी स्पष्ट म्हटले आहे की, ‘शरीर जरी एकाचे असले तरी कुटुंब सर्वांचे असते, आणि कुटुंबात कोणताही निर्णय एकट्याने होत नसतो.’ हे वाक्य मी स्वतः लिहिले आहे. सुयोगने नव्हे.

हीच भूमिका दसऱ्याच्या महिला मेळाव्यात मांडली तेव्हा टाळ्या थांबता थांबत नव्हत्या. बायाबापड्यांचा एवढा पाठिंबा असताना मी मागे हटलो तर लोक काय म्हणतील? गटनेतेही खूश आहेत. पुढच्या मंत्रिमंडळ विस्तारात माझा विचार होईल असे त्यांनी डोळ्यांनी सुचवले आहे.

सदर मुलीचे नाव कळवावे. माझे कार्यकर्ते तिच्या नवऱ्याला समजावून सन्मानाने घेऊन येतील. मूल नको असण्याचे सबळ कारण काय, तेही कळवावे. नोकरी हे कारण होत नाही.

जास्त वेळ खुर्चीत बसवत नसल्याने पत्र आवरते घेतो.

आपला नम्र,
दत्ताराम


मुलुंड पूर्व,
१२ फेब्रुवारी

दत्तू,

मला ‘आदरणीय’ म्हणू नकोस. लहानपणी मी तुझं नाक पुसलंय.

अक्षताला दिवस गेलेत. होय, आपल्या अक्षताला, माझ्या मुलीला, तुझ्या भाचीला. इमारतीतली मुलगी म्हणजे तीच. कोणाला सांगायचं नाही, अशी तिने मला शपथ घातली होती. पण तू नाव मागितलंस, आणि मला वाटलं, घरचं नाव वाचलं की हा माणूस तरी जागा होईल.

आता तू विचारशील कारण काय. नोकरी तुला चालली नाही. मग हे घे: हर्षद. सकाळी उठल्यापासून त्याच्या साकीनाक्याच्या छपाईच्या गाळ्यात डोकं घालून बसतो, बायको काय बोलतेय ते त्याला मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही, आणि मशीन बंद झालं तरी ऐकू येत नाही. मारझोड नाही, व्यसन नाही. नुसता नाही तो. ती दिवाळीपासून त्याला काहीतरी सांगायला बघत होती. शेवटी जानेवारीत बॅग भरून आली. त्याला यातलं काही ठाऊक नाही, आणि तिच्या मनात येत नाही तोवर ठाऊक होताही कामा नये. हे पत्र वाचून फाडून टाक.

राहता राहिल्या टाळ्या. दत्तू, मी त्या मेळाव्यात तिसऱ्या रांगेत होते. टाळ्या तुझ्या वाक्याला नव्हत्या. तुझ्या मागे पैठणीच्या सोडतीचं पिंप आणून ठेवलं, त्याला होत्या. तू मध्येच उभा होतास म्हणून बायका मान वाकडी करून बघत होत्या.

नलूताई


जनसंपर्क कार्यालय,
१७ फेब्रुवारी

प्रिय नलूताई,

अभिनंदन, अभिनंदन, अभिनंदन!

दौऱ्यावर होतो म्हणून उत्तराला उशीर झाला. तुझं पहिलं पत्र मीच वाचलं होतं, पण एरवी आपल्याकडे पत्रांची पद्धत अशी आहे की, सुयोग पहिल्या चार ओळी वाचतो आणि कोपऱ्यात लाल पेनाने शेरा मारतो: लग्न, मयत, बारसं, तुंबलेलं गटार. मग मी उत्तर स्वहस्ते लिहितो. तुझ्या पत्रावर शेरा होता, ‘भाची, गोड बातमी’. वाचून डोळे भरून आले. तू आजी होणार! त्या दुसऱ्या मुलीच्या भानगडीपेक्षा हे किती छान.

आमच्या सौ.ने, माणिकने, डिंकाचे लाडू केलेत, सुयोग या पत्राबरोबरच आणून देईल. आणि एक गंमत आहे. उद्या सकाळी दूध आणायला उतरलीस की चौकात बघ. वर बघ. जास्त सांगत नाही.

तुझा दत्तू


मुलुंड पूर्व,
१९ फेब्रुवारी

दत्ताराम,

बघितलं. मी बघितलं, दूधवाल्याने बघितलं, समोरच्या जिमच्या पोरांनी बघितलं, अक्षताच्या ऑफिसची गाडी जिथे थांबते तिथल्या सगळ्यांनी बघितलं. वीस फुटी फ्लेक्स. ‘आमची लाडकी भाची सौ. अक्षता हर्षद यांच्या घरी लवकरच पाळणा हलणार!’ वर तुझा हात जोडलेला एवढा मोठा फोटो, की पाळणा तुझ्याच घरी हलणार असं वाटावं. अक्षता कोपऱ्यात, पासपोर्टएवढी. आणि मध्ये ते बाळ कोणाचं रे? सोनेरी केस, निळे डोळे!

आता विचार, फ्लेक्स छापला कोणी. तुझे सगळे फ्लेक्स कोण छापतो? भाचीचा नवरा, घरचा माणूस, म्हणून तूच सगळं काम त्याला देतोस ना? सुयोगने नेहमीप्रमाणे मजकूर साकीनाक्याला पाठवला. हर्षदनेही नेहमीप्रमाणे न वाचता मशीनवर चढवला. फ्लेक्स निम्मा बाहेर आल्यावर त्याने स्वतःचं नाव वाचलं. बाप होणार असल्याचं त्याला मशीनने सांगितलं.

दुपारी तो आईला घेऊन पेढ्यांचा बॉक्स हातात धरून दारात हजर. त्याची आई मला म्हणते, ‘विहीणबाई, बाळ एवढं गोरं दाखवलंय, दृष्ट नाही ना लागणार?’ अक्षताने खोलीचं दार लावून घेतलं ते लावूनच बसली. हर्षद दाराबाहेरून ‘का नाही सांगितलंस, का नाही सांगितलंस’ करत होता. शेवटी ती आतूनच म्हणाली, मला हे मूल नकोय. जाताना तो मला म्हणाला, मामांचं निवेदन मीच छापलंय काकू, सहीशिवाय होणार नाही मला माहितीय, आणि मी सही करणार नाही.

रात्री ती माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलली. मी तिची शपथ मोडली होती. दत्तू, मला तुझा राग आलाय, पण त्याहून जास्त माझा आलाय. मी तिला वाचवायला निघाले आणि चौकात टांगून ठेवली.

लाडूंचा डबा परत न्यायला कोणालातरी पाठव. दोन खाल्लेत, रागात खाल्ले.

नलिनी


जनसंपर्क कार्यालय,
२३ फेब्रुवारी

नलूताई,

फ्लेक्स त्याच रात्री उतरवला. सुयोगला फैलावर घेतलं. तो म्हणतो, ‘साहेब, दिवस गेलेत म्हटल्यावर आपल्याकडे दुसरा शेराच नाही.’ हे मात्र खरं आहे, तो शेरा आम्ही कधी केलाच नाही.

तुझं आधीचं पत्र आता पूर्ण वाचलं. पैठणीचं वाचून वाईट वाटलं. तरी सगळ्याच टाळ्या पिंपाला नसतील.

चूक झाली, माफ कर, अक्षतालाही माझ्यातर्फे सांग. पण ताई, चूक वेगळी आणि भूमिका वेगळी. हर्षद नवरा आहे, त्याला विचारायला नको? एका सहीने काय होतंय? आणि ठराव आता कामकाजात लागलाय. मागे घेतला तर गटनेते माझ्याकडे डोळ्यांनी काय, पाठीनेही बघायचे नाहीत. तू मला कारण तरी नीट दे. नवरा ऐकत नाही हे कारण धरलं तर महाराष्ट्रात एक मूल जन्माला यायचं नाही.

मी पुढचे काही दिवस भेटणार नाही. एक किरकोळ वैद्यकीय काम आहे. कोणाला बोलू नकोस.

दत्तू


घाटकोपर, हॉस्पिटल, खोली कुठली ती विचारू नकोस,
४ मार्च

नलूताय गो,

तुझ्याशिवाय कोणाला सांगू? माझं मूळव्याधीचं ऑपरेशन आहे. महिनोन् महिने अंगावर काढलं. विधानसभेत लोकांना वाटतं मी उठून उठून मुद्दे मांडतो. मी बसू शकत नाही म्हणून उठतो.

सकाळी उपाशीपोटी दाखल झालो. सर्जन म्हणाले, तुमची सही पुरते खरं तर, पण आमच्याकडे पद्धत आहे, घरच्या माणसाचीही घेतो. मी म्हटलं, घ्या की, बायको बाहेरच बसलीय. माणिक आत आली, चष्मा लावला, सगळं वाचलं आणि म्हणाली, ‘मी विचार करून सांगते.’

मी म्हटलं, अगं विचार कसला? तर पर्समधून माझं निवेदन काढलं आणि सर्जनसमोर खड्या आवाजात वाचलं. ‘शरीर जरी एकाचे असले तरी कुटुंब सर्वांचे असते, आणि कुटुंबात कोणताही निर्णय एकट्याने होत नसतो.’ मग मला विचारते, हे तुम्हीच लिहिलंत ना? सुयोगने नव्हे ना?

दुपारी तिने सगळ्या कुटुंबाला बोलावून बैठक घेतली. माझ्या खाटेभोवती. थोरला भाऊ म्हणाला, सुरण खाऊन बघ. वहिनीने विचारलं, दुखतं नक्की कुठे? सगळ्यांसमोर, ताई! निहारला पुण्याहून व्हिडिओ कॉलवर घेतलं. पोटचा पोरगा, तो म्हणतो, बाबा, सबळ कारण काय आहे? सुयोग कानाशी येऊन विचारतो, ‘साहेब, फ्लेक्सवर आजाराचं नाव घालू की नुसतं लवकर बरे व्हा?’ बैठकीत ठरलं की एकमत होत नाही, सबब निर्णय पुढे ढकलावा.

मी सज्ञान आहे, शुद्धीवर आहे, दोनदा निवडून आलोय. दुखतंय मला. बसता येत नाही मला. माझ्या अंगाचं काय करायचं ते मी ठरवीन की ही सगळी वरात? पण माणिक सही करूक तयार नाय. तू तिला काही पढवलंस का? खरं सांग. आणि पढवलं असशील तर उलटं पढव. माझ्या पोटात सकाळपासून पाणी नाही.

दत्तू


मुलुंड पूर्व,
५ मार्च

प्रिय दत्तू,

मी माणिकला एक शब्द पढवलेला नाही. ती लाडूंचा डबा न्यायला आली तेव्हा निवेदन वाचायला मागितलं, ते दिलं. तिने ते कधी वाचलंच नव्हतं. वाचून झाल्यावर एवढंच म्हणाली, ‘वन्सं, यांची भाषा सुधारलीय.’ आणि घडी करून पर्समध्ये टाकलं. पुढची करामत तिची स्वतःची. तुझी बायको आहे ती, माझी शिष्या नाही. काल संध्याकाळी मी तिला फोन केला आणि म्हटलं, सही कर, त्याला त्रास होतोय. ती म्हणाली, सकाळी करणारच आहे, एक रात्र राहू दे.

तुझं पत्र सुयोग घेऊन आला तेव्हा मी आधी पोट धरून हसले. खोटं कशाला सांगू? मग तुझी ती ओळ आली, ‘माझ्या अंगाचं काय करायचं ते मी ठरवीन की ही सगळी वरात?’ तिथे माझं हसू थांबलं. मी ती ओळ अक्षताला वाचून दाखवली. फ्लेक्सनंतर ती पहिल्यांदा माझ्याजवळ येऊन बसली.

तुझी एक रात्र गेली दत्तू. तिचे आठवडे चाललेत. तुझं दुखणं निदान सगळ्यांना दुखणं वाटतं. तिला भेटणारा प्रत्येकजण पेढे घेऊन येतो. ती रात्री उठून स्वयंपाकघरात पाणी पिते आणि दिवा न लावता उभी राहते, आणि मी आई असून दारातूनच बघून परत फिरते. मला भीती वाटते रे. डॉ. तेजल म्हणते लवकर करा. तिला रक्त कमी आहे, मागे टायफॉइडने किती झिजली होती आठवतंय ना. तब्येत हे तरी सबळ कारण धरशील? की तेही बैठकीत ठेवायचं?

लवकर बरा हो.

नलूताई


जनसंपर्क कार्यालय,
१४ मार्च

नलूताई,

हे पत्र उभ्याने लिहितोय. अजून आठवडाभर उभ्यानेच.

माणिकने सकाळी सही केली, तुला माहीतच आहे. भूल द्यायच्या आधी मी तिला विचारलं, आता तरी खूश? ती म्हणाली, ‘मी खूश व्हायला नव्हते बसले.’ मग माझा हात धरून बसली. त्यानंतर मी जे पहिलं पत्र लिहिलं ते डॉ. तेजलना: निवेदन रद्द समजावे, भिंतीवरून काढावे, माझी माणसं आली तर मला सांगावे. बाकी सगळ्या दवाखान्यांत सुयोगला पाठवलं. रोज सकाळी तो ते कागद नखांनी खरवडून काढत होता. त्याचं लग्न ठरतंय, म्हणाला, साहेब नखं गेली.

ठराव काल शुक्रवारी होता. मला धाडस होईना, खरं सांगतो. गटनेते समोरच बसले होते. मी ठरवलं होतं, अनुपस्थित राहावं, नाव पुकारतील, ठराव आपोआप पडेल, कोणाशी वाकडं नाही. म्हणून मागच्या दाराशी जाऊन थांबलो. पण सगळे बसलेले आणि मी एकटा उभा. अध्यक्षांना वाटलं मी केव्हाचा बोलायला तिष्ठतोय. म्हणाले, बोला, सन्माननीय सदस्य फार वेळ उभे आहेत.

तेव्हा बोललो. म्हटलं, अध्यक्ष महोदय, मी माझा ठराव मागे घेतो. बाईची सही बाईने करावी. समोरून कोणीतरी ओरडलं, कारण सांगा! दुसऱ्या बाजूनेही ओरडले, कारण सांगा! ताई, क्षणभर मला वाटलं की मी पुन्हा त्या खाटेवर आहे. मी म्हटलं, कारण सांगायला मी बांधील नाही. एकही टाळी वाजली नाही. या वेळी मागे पैठणीचं पिंपही नव्हतं.

विस्तार गेला. गटनेत्यांनी पाठ फिरवली. हर्षदचा फोन आला होता, मामा तुम्ही माझ्या बाजूचे होतात ना म्हणून. मी त्याला म्हटलं, बाजूला ये, पण तिच्या. त्याला कळलं का माहीत नाही. मलाही आत्ताआत्ताच कळतंय.

अक्षता कशी आहे? विचारलं तर चालेल ना?

दत्तू


मुलुंड पूर्व,
१८ मार्च

मामांना सा. न.

झालं. परवा झालं. डॉ. तेजलनी कागद पुढे केला, मी सही केली, नवऱ्याच्या रकान्यावर त्यांनी स्वतःच रेघ मारली. आई बाहेर पोथी वाचत होती, असं ती म्हणते. डॉक्टर म्हणाल्या, घोरत होती. मी बरी आहे. थोडी रडले, मग भूक लागली. माणिकमामीने पिठलं-भात पाठवला होता.

हर्षद काल आला, या वेळी एकटाच. विचारत होता, मला का नाही विचारलंस? मी म्हटलं, दिवाळीपासून विचारत होते. त्यावर तो म्हणाला, पुन्हा एकदा सांग. मी म्हटलं, आज नको, दमलेय, रविवारी ये. येईल की नाही बघू.

तुमची सगळी पत्रं आईने माझ्यापुढे ठेवली, आणि तिच्या पत्रांच्या नकलाही. सरकारी नोकरीतली सवय, नक्कल ठेवतेच. मी एका बैठकीत वाचली. मामा, आईने तुम्हाला माझी किती कारणं दिलीत! बढती, हर्षद, रक्त कमी, टायफॉइड. मागितलंत की नवीन. मला बढती जानेवारीतच मिळालीय, हे ती विसरली. टायफॉइड मला नाही, मावशीच्या मनालीला झाला होता. बिचारी माझ्यासाठी कुठून कुठून गोळा करत होती. त्यातलं एकही कारण मी तिला सांगितलेलं नव्हतं.

कारण आहे. ते मी कोणालाच सांगितलेलं नाही, आणि तुम्हालाही सांगणार नाही. ते फक्त मला ठाऊक आहे, आणि माझ्यासाठी ते पुरेसं होतं.

मामीला नमस्कार. तुम्ही बसायला लागलात की घरी जेवायला या.

तुमची,
अक्षता